व्यक्तीचा वर्ग कोणत्या मापाने मोजावा?

अमुक गृहस्थ मध्यमवर्गीय आहेत, असे विधान आपण दैनंदिन व्यवहारात सहज करतो. ते कशावरून केले, असे कोणी विचारले तर मात्र उत्तर देणे अवघड जाते. वेतनावरून म्हणावे, तर तितकेच वेतन घेणारा दुसरा मनुष्य कर्जात बुडालेला असतो. घरावरून म्हणावे, तर पक्क्या घरात राहणारी एखादी वृद्धा दोन वेळच्या अन्नाला मोताद असते. शिक्षणावरून म्हणावे, तर पदव्युत्तर पदवी घेऊन वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत.

हा प्रश्न केवळ समाजशास्त्राच्या अभ्यासकांचा नाही. शिधापत्रिकेचा रंग, शिष्यवृत्तीचा अर्ज, घरकुलाची यादी, रुग्णालयातील सवलत, आरक्षणाचे प्रमाणपत्र अशा प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कोणत्या तरी मापाने आपला वर्ग ठरवीत असतो. एखाद्या विहाराच्या समितीला दहा अर्जांतून तीन गरजू विद्यार्थी निवडावयाचे असतात, तेव्हा तीही हेच काम करीत असते. माप चुकले तर मदत चुकीच्या दारी जाते. म्हणून ही मापे कोणती आहेत, ती काय पाहतात आणि त्यांच्या दृष्टीतून काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वर्ग आणि जात

वर्ग या शब्दाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. कार्ल मार्क्सच्या विवेचनात उत्पादनाच्या साधनांशी असलेल्या संबंधावरून वर्ग ठरतो. साधनांचा मालक कोण आणि श्रम विकून जगणारा कोण, हा तेथे मुख्य प्रश्न आहे. मॅक्स वेबरने संपत्तीबरोबरच सामाजिक प्रतिष्ठेचा स्वतंत्र विचार केला. धन आणि मान या दोन गोष्टी बहुधा एकत्र राहतात, परंतु त्या एकच नव्हेत, हे त्याच्या विवेचनाचे सार आहे.

भारतात या दोहोंत जातीची भर पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीची उत्पत्ती वर्गापासूनच शोधली आहे. जो वर्ग विवाहाच्या बंधनाने स्वतःस कोंडून घेतो, तो जात बनतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वर्गाला दार असते. मनुष्य त्यातून वर जातो किंवा खाली येतो. जातीचे दार बंद असते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि श्रमिकांचा वर्ग म्हणून विचार केला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात, जात श्रमिकांनाच एकमेकांपासून विभागते, हेही दाखविले. भारतीय माणसाचा वर्ग ठरविताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एकीने दुसरी रद्द होत नाही.

पालि वाङ्मयातील दृष्टी

पालि तिपिटकात या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार आढळतो. मज्झिम निकायातील मधुर सुत्तात मधुरेचा राजा अवन्तिपुत्त आणि महाकच्चान थेर यांचा संवाद आहे. ब्राह्मणच श्रेष्ठ वण्ण आहे, या दाव्याविषयी राजा विचारतो. थेर त्याला उलट प्रश्न करतात : एखाद्या शूद्राजवळ धन, धान्य, सोने, रुपे असेल, तर त्याच्या आधी उठणारे, त्याच्यानंतर झोपणारे आणि त्याची आज्ञा झेलणारे सेवक क्षत्रियांतून आणि ब्राह्मणांतूनही मिळतील की नाही? मिळतील, असे राजाला मान्य करावे लागते. धन कोणाच्याही हाती सारखेच काम करते, हे सत्य येथे वण्णाच्या दाव्याविरुद्ध प्रमाण म्हणून वापरले आहे. अस्सलायन सुत्तात तथागतांनी योन आणि कम्बोज या सीमेवरील देशांचा दाखला दिला आहे. तेथे आर्य म्हणजे स्वामी आणि दास असे दोनच वण्ण असून स्वामी दास होतो आणि दासही स्वामी होतो. समाजाची विभागणी सर्वत्र सारखी नसेल, तर ती निसर्गसिद्ध नाही, हा त्यातील युक्तिवाद आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे सुत्त संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात आहे. राजा पसेनदीला तथागत चार प्रकारचे पुरुष सांगतात : अंधारातून अंधाराकडे जाणारा, अंधारातून प्रकाशाकडे जाणारा, प्रकाशातून अंधाराकडे जाणारा आणि प्रकाशातून प्रकाशाकडे जाणारा. अंधारात असणे म्हणजे काय, याचे तेथील वर्णन लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. प्रथम कुल येते : चण्डाल, वेन, नेसाद, रथकार, पुक्कुस. नंतर दारिद्र्य आणि अन्नवस्त्र मिळविण्याचे कष्ट येतात. त्यानंतर शरीराची स्थिती येते. शेवटी एक यादी येते : अन्न, पान, वस्त्र, वाहन, माला-गंध-विलेपन, शय्या, निवास आणि दिव्याची सामग्री. या गोष्टी ज्याला मिळत नाहीत तो अंधारात, ज्याला मिळतात तो प्रकाशात.

जन्म, उपजीविका, आरोग्य आणि घरातील वस्तू, असे चार निकष येथे एकत्र आले आहेत. आधुनिक सर्वेक्षणाची प्रश्नावली याहून फार वेगळी नसते. मात्र या सुत्तात आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेक प्रश्नावल्यांत नसते. मनुष्य कोठे आहे याबरोबरच तो कोणत्या दिशेला जात आहे, हेही येथे सांगितले आहे. सुत्तात ही दिशा आचरणाने ठरते आणि तिचा संबंध कायिक, वाचिक व मानसिक कर्माशी आहे. आर्थिक उन्नतीशी तिची गल्लत करू नये. परंतु स्थान आणि दिशा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद वर्गाच्या अभ्यासालाही उपयोगी पडतो.

प्रचलित मोजपट्ट्या

भारतात कुटुंबाचा सामाजिक-आर्थिक स्तर मोजण्यासाठी अनेक मोजपट्ट्या वापरल्या गेल्या. डॉ. बी. जी. प्रसाद यांनी १९६१ साली केवळ दरडोई मासिक उत्पन्नावर आधारलेली पाच वर्गांची पट्टी दिली. त्या वेळी दरडोई १०० रुपये वा अधिक उत्पन्न असलेले कुटुंब पहिल्या वर्गात आणि १५ रुपयांहून कमी उत्पन्नाचे कुटुंब पाचव्या वर्गात पडत असे.

शहरी कुटुंबांसाठी कुप्पुस्वामी यांची १९७६ ची पट्टी वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधनात आजही सर्रास वापरली जाते. तिच्यात कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि कुटुंबाचे मासिक उत्पन्न यांना गुण दिले जातात. शिक्षणाला जास्तीत जास्त ७, व्यवसायाला १० आणि उत्पन्नाला १२ गुण असतात. एकूण २९ पैकी २६ वा अधिक गुण म्हणजे उच्च वर्ग, १६ ते २५ उच्च मध्यम, ११ ते १५ निम्न मध्यम, ५ ते १० उच्च निम्न आणि ५ हून कमी गुण म्हणजे निम्न वर्ग. रुपयाची किंमत बदलत असल्यामुळे उत्पन्नाचे टप्पे औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वेळोवेळी सुधारावे लागतात. जुन्याच टप्प्यांनी आज मोजले, तर साधा रोजंदारी मजूरही उत्पन्नाचे पूर्ण गुण मिळवील. कारण १९७६ साली त्यासाठी महिना २,००० रुपये पुरेसे होते.

ग्रामीण कुटुंबांसाठी उदय पारीक आणि जी. त्रिवेदी यांनी १९६४ साली नऊ निकषांची पट्टी तयार केली. जात, व्यवसाय, शिक्षण, जमीन, घर, शेतीची साधने, घरातील वस्तू, सार्वजनिक कार्यातील सहभाग आणि कुटुंबाचा प्रकार हे ते निकष होत. यांत जातीला स्वतंत्र गुण आहेत : अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १ आणि गावातील प्रबळ जातीच्या कुटुंबाला ६. प्रथमदर्शनी हे वाचून मनाला धक्का बसतो. परंतु पट्टी तयार करणाऱ्यांनी जातीचे श्रेष्ठत्व मान्य केले असा याचा अर्थ नाही. गावात जमीन, घर आणि शिक्षण सारखे असूनही दोन कुटुंबांचे स्थान सारखे नसते, ही वस्तुस्थिती त्यांनी अंकांत नोंदविली.

व्यापारी कंपन्यांची दृष्टी वेगळी आहे. बाजार संशोधन संस्थांनी १९८८ साली मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि व्यवसाय यांवरून शहरी कुटुंबांचे वर्ग पाडले. २०११ साली त्यांनी व्यवसायाचा निकष वगळून घरातील वस्तूंची गणना स्वीकारली. वीजजोडणी, पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत दूरदर्शन संच, शीतकपाट, धुलाई यंत्र, संगणक, मोटार, वातानुकूलन यंत्र आणि शेतजमीन अशी ती अकरा वस्तूंची यादी होती. पसेनदीला सांगितलेल्या यादीतील वाहन आणि दिव्याची सामग्री येथे दुचाकी आणि वीजजोडणीच्या रूपाने पुन्हा भेटतात. मात्र या गणनेचा हेतू ग्राहक शोधणे हा होता. वस्तू रोखीने घेतली की हप्त्यांवर, हे तिला कळत नव्हते.

शासनाने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे शोधण्यासाठी २००२ साली १३ निकषांना प्रत्येकी शून्य ते चार गुण देण्याची पद्धत अवलंबिली. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेत ग्रामीण भागासाठी निराळी रीत वापरली गेली. काही कुटुंबे आपोआप वगळली गेली. स्वयंचलित दुचाकी, शीतकपाट किंवा स्थिर दूरध्वनी असणे एवढे कारणही त्यास पुरेसे होते. निराधार, भिक्षेवर जगणारे, हाताने मैला उचलणारे आणि वेठबिगारीतून कायद्याने मुक्त झालेले अशांची कुटुंबे आपोआप समाविष्ट झाली. उरलेल्यांची वंचितता सात निकषांवर तपासली गेली. अनुसूचित जाती वा जमातीचे असणे हा त्यांपैकी एक निकष होता आणि भूमिहीन राहून अंगमेहनतीच्या रोजंदारीवर जगणे हा दुसरा.

समान उत्पन्नाची दोन कुटुंबे

या पट्ट्यांची मर्यादा एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एकाच शहरात दोन कारकून आहेत. दोघेही पदवीधर आहेत आणि दोन्ही कुटुंबांचे सर्व मिळून मासिक उत्पन्न ५०,००० रुपये आहे. कुप्पुस्वामींच्या पट्टीवर दोघांना शिक्षणाचे ६ आणि कारकुनीचे ५ गुण मिळतील. उत्पन्नाचे समजा ६ गुण धरले, तर प्रत्येकाची बेरीज १७ होते. दोघेही उच्च मध्यमवर्गीय ठरले.

आता पहिल्या कुटुंबात डोकावून पाहू. हा कारकून आपल्या घराण्यातील पहिला पदवीधर. वडील भूमिहीन शेतमजूर होते. घर भाड्याचे आहे. पती-पत्नी, दोन मुले, आई-वडील, विधवा बहीण आणि तिची मुलगी अशी आठ माणसे त्या वेतनावर अवलंबून आहेत. दरडोई उत्पन्न ६,२५० रुपये पडते. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता निराळा.

दुसऱ्या कुटुंबात चार माणसे आहेत. दरडोई उत्पन्न १२,५०० रुपये, म्हणजे नेमके दुप्पट. आजोबांनी घेतलेली ९०० चौरस फुटांची सदनिका आहे, गावाकडे चार एकर जमीन आहे. आजोबा शिक्षक होते. मामा वकील आहेत. मुलाला कोणत्या महाविद्यालयात घालावे, हे घरातच कळते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियरे बुर्द्यू यांनी अशा ज्ञानाला आणि ओळखींना भांडवलाचेच प्रकार मानले आहे. ते बँकेच्या पुस्तकात दिसत नाही, तरी पिढ्यान्पिढ्या वारशाने जाते.

दोन्ही कारकुनांचे वेतन सहा महिने थांबले असे समजू. दुसरे कुटुंब काटकसर करील. पहिले कुटुंब भाडे थकल्यामुळे घर सोडील आणि कदाचित मुलीचे शिक्षण थांबवील. आज दोघे एकाच पायरीवर उभे दिसतात. परंतु एकाच्या पायाखाली भक्कम जोते आहे आणि दुसऱ्याच्या पायाखाली एक फळी आहे. उत्पन्न म्हणजे वाहता प्रवाह आणि संपत्ती म्हणजे साठा. केवळ प्रवाह मोजणारी पट्टी हा फरक पाहू शकत नाही.

यात स्त्रियांची गोष्ट तर आणखीच झाकली जाते. बहुतेक पट्ट्या कुटुंबप्रमुखाचा वर्ग सर्व सदस्यांना लावतात. सुस्थित घरातील गृहिणीच्या नावे घर नसेल, खाते नसेल, तर तिचा वर्ग पतीच्या हयातीपुरता आणि मर्जीपुरता आहे. ती विधवा वा परित्यक्ता होताच तो ओसरतो. बाबासाहेबांनी हिंदू संहिता विधेयकात स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्कावर एवढा भर का दिला, हे या दृष्टीने पाहिल्यास अधिक उमगते.

शासनाच्या रेषा

इंद्रा साहनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इतर मागासवर्गीयांतील उन्नत व प्रगत गटाला आरक्षणातून वगळण्यास सांगितले. त्यानुसार १९९३ साली केंद्र शासनाने निकष ठरविले. त्यांत मातापित्यांचे पद आणि दर्जा हा मुख्य निकष आहे. उत्पन्नाच्या कसोटीत वेतन आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. ही मर्यादा आरंभी वार्षिक एक लाख रुपये होती. ती वाढत २०१७ साली आठ लाख झाली.

२०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने इतर आरक्षणांत न येणाऱ्या आर्थिक दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आरक्षण आले. तेथेही केंद्राने आठ लाखांचीच मर्यादा घातली. मात्र तिच्यात वेतन आणि शेती यांसह सर्व उत्पन्न मोजले जाते. शिवाय पाच एकर शेतजमीन किंवा एक हजार चौरस फुटांची सदनिका असल्यास कुटुंब अपात्र ठरते. वरील उदाहरणातील दुसरा कारकून खुल्या प्रवर्गातील असेल, तर वार्षिक सहा लाख उत्पन्न, चार एकर जमीन आणि ९०० चौरस फुटांची सदनिका असूनही तो आर्थिक दुर्बल म्हणून पात्र ठरतो. कुप्पुस्वामींच्या पट्टीवर उच्च मध्यम आणि शासनाच्या पट्टीवर दुर्बल! मनुष्य एकच आहे. प्रश्न विचारण्याचा हेतू बदलला, म्हणून उत्तर बदलले.

अनुसूचित जातींची यादी मात्र दारिद्र्याच्या कसोटीवर बनलेली नाही. तिचा आधार अस्पृश्यता आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या पातळीवर या यादीतील सवलती मिळण्यास १९९० चा कायदा यावा लागला. धर्मांतराने समाजाची वागणूक एका दिवसात पालटत नाही, हेच त्या कायद्याने मान्य केले. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मान्यता दिली. चार न्यायमूर्तींनी या जातींतही उन्नत गट ओळखण्याच्या बाजूने मत मांडले. त्याच महिन्यात केंद्र शासनाने तशी तरतूद संविधानात नसल्याचे सांगितले. या वादात कोणतीही भूमिका घेणाऱ्याने प्रथम विचारले पाहिजे की, आपण नेमके काय मोजत आहोत : दारिद्र्य की अवहेलना?

कारण वेतन वाढले म्हणून अवहेलना संपते, असा अनुभव नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे विचारात घ्यावा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक होता तो केवळ नावात. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत कमी प्रतिसाद मिळाला. पदवी तीच, गुणवत्ता तीच, तरीही बाजाराने नावाचे मूल्य निराळे ठरविले. भाड्याचे घर शोधताना आडनावानंतर संभाषणाचा सूर बदलतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे निराळे सांगावयास नको.

मग वर्ग कसा ठरवावा?

या सर्व विवेचनावरून एक व्यावहारिक रीत निघते. एखाद्या व्यक्तीचा वर्ग ठरवावयाचा असल्यास एका आकड्यावर थांबू नये. पाच प्रश्न विचारावेत. उपजीविका कोणती, आणि ती कायम आहे की कंत्राटी? वेतन थांबल्यास घर किती महिने चालेल. म्हणजे संपत्ती किती आणि कर्ज किती? एका कमाईवर किती तोंडे अवलंबून आहेत? आजोबा, वडील आणि स्वतः अशा तीन पिढ्यांचे शिक्षण काय, आणि त्या घरातील स्त्रियांचे काय? अखेरीस, नाव सांगितल्यावर समाज कसा वागतो? पहिल्या तीन प्रश्नांतून आर्थिक स्थान कळते, चौथ्यातून दिशा कळते आणि पाचव्यातून प्रतिष्ठा कळते. पाचव्याचे उत्तर पहिल्या तिघांत मिळवू नये आणि त्यांच्यावरून वजाही करू नये.

हेतूनुसार प्रश्नांचे वजन बदलेल. विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देताना संपत्ती आणि आश्रितांची संख्या अधिक मोलाची आहे; तेथे सर्व अर्जदार एकाच समाजाचे असतील, तर जातीचा प्रश्न त्यांच्यात भेद करू शकत नाही. भेदभावाविरुद्ध संरक्षण देताना मात्र प्रतिष्ठेचा प्रश्नच निर्णायक ठरतो.

आपल्या समाजाच्या दृष्टीने यातून दोन सावधगिरीच्या गोष्टी निघतात. एक म्हणजे, घरात शीतकपाट आणि दारात दुचाकी आली म्हणून जातीचा प्रश्न मिटला, असे सांगणाऱ्यांस पहिल्या कारकुनाच्या पायाखालील फळी दाखविली पाहिजे. दुसरी गोष्ट स्वतःकडे पाहण्याची आहे. नोकरी, सदनिका आणि मुलांचे इंग्रजी शिक्षण लाभलेली कुटुंबे आणि नाक्यावर कामाची वाट पाहणारी कुटुंबे एकाच विहारात एकत्र वंदना घेतात. त्यांची जात एक असली, तरी वर्ग एक राहिलेला नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात बाबासाहेबांनी सुशिक्षितांविषयी जी खंत व्यक्त केली, तिचे मूळ याच अंतरात होते. सामायिक दुःखाच्या नावाखाली हे अंतर झाकणे प्रामाणिकपणाचे नाही.

म्हणून विहारांच्या आणि संस्थांच्या समित्यांनी मदतीच्या अर्जावर केवळ वार्षिक उत्पन्नाचा दाखला मागून थांबू नये. वरील पाच प्रश्न एका कागदावर मावतात. ते विचारल्यास कदाचित असे दिसेल की, ज्या घराला आपण मध्यमवर्गीय समजत होतो तेथील मुलीची फी भरणे सर्वांत निकडीचे आहे, आणि ज्याने सर्वांत कमी उत्पन्नाचा दाखला जोडला आहे त्याच्या नावे बागायत जमीन आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, एकाचा उपभोग घ्यावा, दोन व्यवसायात घालावेत आणि चौथा संकटकाळासाठी ठेवावा, असा उपदेश आहे. ज्या घरात हा चौथा भाग कधी उरतच नाही, ते घर कोणत्याही पट्टीवर कितीही गुण मिळवो, त्याला आधाराची गरज आहे.